कारण : कामगाराचा निष्काळजीपणा

अपघाताच्या अहवालात ‘अपघाताचे कारण’ असा एक रकाना असतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रबाळ्याच्या माझ्या गाळ्यात, पोटमाळ्यावरच्या ऑफिसात बसून मी त्या रकान्यात लिहिलं : कामगाराचा निष्काळजीपणा. फोनवर आमचा कन्सल्टंट होता. “तेच लिहा शेठ, सगळे तेच लिहितात,” म्हणाला. खरंच सगळे तेच लिहितात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या युनिटांचे जुने अहवाल कुणी एका टेबलावर पसरले, तर हस्ताक्षरं वेगळी आणि वाक्य एकच निघेल, अशी पैज लावायला मी तयार आहे.

झालं होतं ते असं. पत्रा दाबून कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पन्नास टनी पॉवर प्रेसवर पॅनलच्या ब्रॅकेटचा जॉब चालू होता. ऑपरेटर मुरबाडकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, दिघ्याला इलठणपाड्यात तिघांत एक खोली करून राहणारा. पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, तिरकी बसली, ती सरळ करायला डावा हात आत गेला आणि पाय पॅडलवरच होता. तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं एकेक पेर गेलं. हाताला फडकं गुंडाळून रिक्षात बसवताना तो मला म्हणाला, “शेठ, डाय बघून घ्या, खराब झाली नसेल ना.”

संध्याकाळी शॉप रिकामं झाल्यावर मी त्या प्रेसपाशी गेलो. हात डायपर्यंत जाऊ नये म्हणून लावलेला गार्ड कुणी काढून टाकलेला नव्हता. वर उचलून फ्रेमला बाइंडिंग वायरनं बांधून ठेवला होता. तारेच्या पिळावर तेल आणि लोखंडाची भुकटी बसून ती काळीकुट्ट झाली होती. तार एका दिवसात अशी काळी होत नाही. त्या प्रेसच्या शेजारून मी रोज चार वेळा जात होतो. मागच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘तासाला ६००’. अक्षर माझं.

पुढच्या रविवारी गार्ड खाली घेऊन, पट्टी चिमट्यानं सरकवत मी स्वतः तासभर ती प्रेस चालवली. चारशे दहा पीस निघाले. पोरगा माझ्यापेक्षा चपळ, त्याचे साडेचारशे झाले असते. उरलेले दीडशे त्या तारेतून निघत होते. तार त्यानं बांधली की आधीच्या ऑपरेटरनं, हे मला कधी कळलं नाही. बांधायला लावली कुणी, ते मात्र फळ्यावर लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि धंद्यातल्या मित्रांना ते फारसं आवडत नाही. अपघाताच्या कागदपत्रांतून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बादच करावा. तो खोटा असतो म्हणून नव्हे. माणूस निष्काळजी असतोच. मी असतो, तुम्ही असता. ऐरोलीच्या पुलावर मोबाइल बघत गाडी हाकणारे सगळे अशिक्षित हेल्पर नसतात. अडचण अशी की तो शब्द लिहिला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दोष ज्याचा हात गेला त्याच्या नावावर चढतो, आणि मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तारेसकट सुरू होते.

गंमत म्हणजे हा शब्द लिहून मालकाला कायद्यात काही मिळतही नाही. कामगार नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यातसुद्धा मालकाला भरपाईतून सूट मिळायची कारणं मोजून तीन दिली होती. कामगार नशेत असणं, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं किंवा धुडकावणं. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही तीन कारणंही चालत नाहीत. निव्वळ निष्काळजीपणा या यादीत नाही. शंभर वर्षांपूर्वी तो कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं की दिवसभर तीच हालचाल हजारो वेळा करणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी उडणारच. ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करायचं, तर मालकाला आधी दाखवावं लागतं की गार्ड होता, तो वापरायची सक्ती होती आणि काढलेला दिसल्यावर काम थांबवलं जात होतं. माझ्या फळ्यावरचा सहाशेचा आकडा कोर्टात मांडला असता तर माझा वकील काय बोलला असता, देव जाणे.

म्हणजे तो शब्द आपण कायद्यासाठी लिहीत नाही. रात्री झोप लागावी म्हणून लिहितो.

त्याच जुन्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. प्रत्येक मालकानं एकदा तरी ते स्वतः वाचावं, कन्सल्टंटकडून ऐकू नये. त्यात शरीराच्या तुकड्यांचे दर आहेत. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. चारही बोटं गेली तर ५०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९, हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट पूर्ण १२, एक पेर ७. अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७. आमच्या पोराचे नऊ आणि सात मिळून सोळा झाले. तो ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत होता. मेडिकल बोर्डानं तोच आकडा धरला आणि त्याच्या तेव्हाच्या पगारावर महिन्याला तेराशेच्या आसपास रुपये सुरू झाले.

ज्याला ईएसआयसी नाही त्याचा हिशेब वेगळा. पगार कितीही असला तरी या हिशेबात तो जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या कोष्टकातल्या आकड्यानं गुणायचं. तीस वर्षांच्या माणसाला तो आकडा २०७.९८ आहे. गुणाकार येतो १८ लाख ७१ हजार ८२०. तर्जनीचे १४ टक्के म्हणजे २ लाख ६२ हजारांच्या आसपास. करंगळीचे १ लाख ३१ हजार. एकरकमी, एकदाच, आणि तीही कामगारानं दावा लावून धरला तर. मी हा हिशेब एकदा आमच्या असोसिएशनच्या चहापानात करून दाखवला. एक जुना मित्र म्हणाला, “अरे, एवढ्यात तर प्रेसला नवा न्यूमॅटिक क्लच बसेल.” हवेच्या दाबावरचा हा क्लच प्रेस मध्येच थांबवू शकतो. चेष्टेत म्हणाला होता. पण तो बरोबर जागी पोहोचला होता, म्हणून इथे सांगतो.

प्रेसचं जरा सविस्तर लिहितो, कारण या पट्ट्यात बोटं खाणारं तिच्याइतकं दुसरं मशीन मी पाहिलेलं नाही. वागळे इस्टेट काय, रबाळे-महापे-तुर्भे काय, गाळ्यागाळ्यांतून चालणाऱ्या जुन्या प्रेसना ‘की’ पडणारा क्लच असतो. पॅडल दाबलं की ही की, म्हणजे लोखंडी खिट्टी, फ्लायव्हीलच्या फिरत्या जड चाकात अडकते आणि वरून आपटणारा रॅम एक पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मध्ये थांबवायची सोयच नाही. किंचाळा, बटण दाबा, मेन स्विच पाडा, फ्लायव्हील आपला फेरा पुरा करणार. त्यात की झिजली किंवा तिची स्प्रिंग थकली तर प्रेस डबल मारते, म्हणजे पाय पॅडलवर नसताना दुसरा ठोका देते. शॉपमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. “ती तीन नंबरची जरा डबल मारते, सांभाळून हं,” असं नव्या पोराला सांगितलं जातं, जणू शेजाऱ्याचा कुत्रा चावरा आहे.

आता अशा प्रेसला काही मालक प्रकाशाच्या पडद्याचा सेन्सर लावून घेतात. हात आत गेला की सेन्सरला कळतं. कळून तो करणार काय? जी प्रेस मध्ये थांबूच शकत नाही, तिला थांब म्हणण्यात काय अर्थ? ऑडिटच्या फोटोत मात्र लाल-पिवळ्या पट्ट्यांचा सेन्सर झकास दिसतो. की-क्लचच्या प्रेसवर खरा इलाज जुना आणि कळकट आहे. बोट आत जाणारच नाही एवढ्याच फटीचा पक्का गार्ड बसवायचा, तो नटबोल्टनं लावायचा आणि त्याचा पाना सुपरवायझरच्या खिशात ठेवायचा. पट्टी सरकवायला उतरता ट्रे करायचा. पीस हातानं उचलण्याऐवजी हवेच्या फुंकरीनं उडवायचा. कीची तपासणी तारीख टाकून करायची. यातलं बरंचसं काम आमचाच फॅब्रिकेटर चार दिवसांत करून देतो. दोन हातांची बटणंही चांगली, पण ती रॅमपासून पुरेशी लांब हवीत. शिवाय एक बटण दाबलेलं राहावं म्हणून त्यावर कुणी चिकटपट्टी लावलेली नाही ना, हे रोज बघायला हवं. मी चिकटपट्टी पाहिली आहे. फटीत खोचलेला वॉशरही पाहिला आहे.

घरातला फूड प्रोसेसर झाकण नीट बसल्याशिवाय फिरत नाही. स्वयंपाकघरात आपण निष्काळजीपणा गृहीत धरतो आणि यंत्रालाच अक्कल देतो. गाळ्यात मात्र सगळी अक्कल हेल्परनं घरून आणायची.

मग हेल्मेट, हातमोजे, बूट, गॉगल यांचं काय? ते हवेतच. पण सगळं फसल्यावरचा तो शेवटचा आडोसा आहे, आणि आपण सुरुवातच तिथून करतो, कारण तो विकत मिळतो आणि फोटोत येतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. परिषदेचं मुख्यालय कुठे लांब दिल्लीत नाही, आपल्या सीबीडी बेलापूरला आहे, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या टोकाशी. सुरक्षा सप्ताहात आमच्या भागात बॅनर लागतात, शपथा होतात, पोस्टरच्या स्पर्धा होतात. एका वर्षी एका युनिटनं सप्ताहाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. त्यात कामगार हातात कोरे करकरीत सुती मोजे घालून ड्रिलिंग मशीनवर उभा होता. फिरत्या ड्रिलपाशी मोजे घालायचेच नसतात. धागा अडकला की ड्रिल मोज्यासकट हात ओढून घेतं. फोटोखाली चाळीस अंगठे होते.

फाइलीही अशाच. फाइल तयार करणं हा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. ठरावीक फी द्या, तुम्हाला जोखमीचं मूल्यांकन, मॉक ड्रिलचा अहवाल, प्रशिक्षणाच्या सह्या, सगळं मिळतं. एकदा माझ्या फाइलीत मला अमोनियाच्या टाकीसाठीची आपत्कालीन योजना सापडली. माझ्याकडे अमोनिया नाही, टाकीही नाही. कुणा शीतगृहाची फाइल नाव बदलून माझ्याकडे आली होती. ती तीन वर्षं तशीच होती आणि तेवढ्या काळात मी ती कधी उघडली नव्हती, हेही कबूल करायला हवं.

छोट्या मालकाची बाजू मला माहीत आहे, कारण ती माझीच आहे. आमचे गिऱ्हाईक मोठे. त्यांचं ऑडिट येतं, सव्वाशे प्रश्नांचा तक्ता भरून घेतं, ‘सुरक्षा आमच्यासाठी सर्वोच्च’ असं सांगतं. आठवड्यानं त्यांच्याच पर्चेसचा माणूस फोन करतो : यंदा रेट तीन टक्के खाली आणा, नाहीतर दुसरा व्हेंडर तयार आहे. दोघे एकाच इमारतीत बसतात, बहुधा एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. ब्रॅकेटचा भाव ठरतो तो ‘एका पीसला किती सेकंद’ यावर, आणि ते सेकंद गार्ड लावून मोजलेत की गार्ड बांधून, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. माझं मागणं असं की कॉस्टिंगच्या कागदावर तो एक प्रश्न छापावा. सव्वाशे प्रश्नांचा तक्ता खुशाल फाडून टाका. ज्या दरात गार्ड बसत नाही, तो दर देणारा गिऱ्हाईकही त्या अपघाताचा भागीदार आहे. कायदा त्याला हात लावत नाही, हे आपलं दुर्दैव.

तरीही या बाजूला एक मर्यादा आहे, आणि ती आम्ही मालक सोयीनं विसरतो. रेट परवडत नसेल तर मी तोटा सोसतो, जॉब सोडतो, बँकेकडे जातो. माझ्यापाशी चार वाटा असतात. पॅडलपाशी बसलेल्याकडे एकच. गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, जीएसटी हे सगळं मी खर्चात धरतो. कमी करायची वेळ आली की पहिली कात्री गार्डला का लागते? कारण गार्डचं बिल कुणी पाठवत नाही, आणि बोटाचं बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं.

ठेकेदारी आली की तो पत्ताही सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीत कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. त्याच्या महिनाभर आधी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारं यंत्र पडून वीस जण गेले होते. अशा जागी विकासक, कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार, लेबर पुरवणारा आणि मशीन भाड्यानं देणारा अशी पाच-सहा थरांची उतरंड असते. काम खाली उतरताना प्रत्येक थर आपला नफा काढून घेतो आणि जबाबदारी पुढे ढकलतो. सर्वांत खालच्या माणसाला आपण कुणाचे कामगार आहोत हेही नीट सांगता येत नाही. घोडबंदर रोडवर मी सुरक्षेचे पट्टे घालून उंचावर काम करणारी माणसं पाहतो आणि खाली थांबून बघतो. पट्टा कमरेला असतो, हूक मागे शेपटीसारखा लोंबत असतो. अडकवायला वर दोरच बांधलेला नसतो. तिथंही अहवालात निष्काळजीपणाच लिहिला जाईल. बेल्ट दिला होता, त्यानं अडकवला नाही.

आणि रसायनांच्या बाबतीत तर आतला-बाहेरचा हा भेदच उरत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, बारा जण गेले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट, पुन्हा दहापेक्षा जास्त बळी. आठ वर्षं, तोच महिना, तोच परिसर. दोन्ही वेळा चर्चा एकाच गोष्टीची झाली, कारखाने हलवा. हलवा किंवा हलवू नका. पण रिअॅक्टरचं, म्हणजे रसायनाच्या बंद भांड्याचं, तापमान चढू लागलं तर रात्रपाळीचा माणूस कुणालाही न विचारता प्रक्रिया बंद करू शकतो का, हा प्रश्न हलवलेल्या जागीही राहणारच. बॅच वाया घालवली म्हणून सकाळी शिव्या पडणार असतील तर तो बंद न करता वाट बघेल. आणखी दहा मिनिटं बघू, म्हणेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा त्यातल्या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेच्या संहितेत विरघळला. आमच्या वर्तुळात संहितेवरची चर्चा आकड्यांवरच अडकली आहे. कारखाना ठरायला यंत्रशक्तीवर वीस कामगार लागतात. सुरक्षा समिती पाचशेच्या पुढे. सुरक्षा अधिकारी साध्या कारखान्यात पाचशेला, धोकादायक प्रक्रियेत अडीचशेला. हे ऐकून अठ्ठावीस माणसांचा मालक सुस्कारा सोडतो : चला, आपल्याला काही नाही. इथेच चूक होते. समिती नेमण्याला आकडा आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचं जे मूळ कर्तव्य आहे, त्याला पाचशेचा उंबरठा नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाही नाही. नेमणूकपत्राला मी सुरक्षेचाच भाग मानतो. ज्याच्या हातात कागद नाही, तो ‘ही प्रेस डबल मारते, मी बसत नाही’ असं म्हणू शकत नाही.

दंडही बदलला आहे. जुन्या कायद्यात नियमभंगामुळे कामगार मेला तर किमान दंड २५ हजार होता. आता तो ५ लाख, सोबत किंवा त्याऐवजी दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाची किमान अर्धी रक्कम वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. ही सुधारणा आहे, नाकारायचं कारण नाही. पण दंड माणूस गेल्यावर लागतो, तोही खटला उभा राहिला आणि टिकला तर. निरीक्षकाच्या पदनामाला आता ‘सुविधाकार’ हे शेपूट जोडलं आहे आणि कुठे जायचं ते संगणक निवडतो. इन्स्पेक्टर राजचा त्रास आम्ही भोगला आहे. पाकिटं दिलेली आहेत, खोटं कशाला बोला. पण त्या राजवटीतही इन्स्पेक्टर जेव्हा नाक खुपसायचा तेव्हा फाइलीतच खुपसायचा. वीस वर्षांत माझ्या शॉपमध्ये आलेल्या एकाही अधिकाऱ्यानं प्रेसचं पॅडल स्वतः दाबून पाहिलं नाही. इन्स्पेक्टर कमी आले की जास्त, यापेक्षा आल्यावर ते कुठे बघतात, यावर भांडायला हवं. कपाट बंद ठेवा, खाली या, तीन मशीन निवडा, चालवायला लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी मागणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. अपघाताच्या नोटिसा त्यांच्याकडे जातात आणि तिथंच विझतात. कंपनीचं नाव झाका हवं तर, पण कुठलं मशीन, कुठला भाग, गार्ड होता का, कितवा तास होता, एवढं एका पानावर मराठीत छापून दर महिन्याला प्रत्येक एमआयडीसीच्या असोसिएशनला पाठवा. शेजारच्या गाळ्यात मिक्सरच्या आत साफसफाईला उतरलेल्या माणसावर कुणीतरी बाहेरून स्विच टाकला, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. त्याच दिवशी मी आमच्या मेंटेनन्सवाल्याला स्विचला लावायचं कुलूप आणून दिलं. किल्ली त्याच्याच खिशात, दुसरी नाही. ते कुलूप टपरीवरच्या बातमीनं आणलं, सरकारी परिपत्रकानं आणलेलं नाही.

मी वर ‘कितवा तास’ म्हटलं, त्याला कारण आहे. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेवढेच, जास्तीला कामगाराची लेखी संमती, असं सांगितलं गेलं. लेखी संमती कशी मिळते ते मी मालक म्हणून सांगू शकतो. कागद पुढे सरकवला की मिळते. आमचा अपघात दुपारी झाला, पण त्या पोरानं आदल्या रात्री डिस्पॅचसाठी साडेदहापर्यंत थांबून दिघ्याला चालत घर गाठलं होतं आणि सकाळी साडेसातला कार्ड मारलं होतं. हे कार्ड मी अपघातानंतर चार दिवसांनी पाहिलं. अहवाल तोवर गेला होता.

तो आता आमच्याकडे स्टोअर सांभाळतो. डाव्या हातात रजिस्टर धरताना दोन आखूड बोटं बाहेरच्या बाजूला राहतात. प्रेसवर परत बसायचं का, हे मी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. फळ्यावरचा आकडा मी गार्ड लावून मोजलेल्या साडेचारशेवर आणला. दोन गिऱ्हाइकं गेली, एक वर्षभरानं परत आलं. बाकीच्या प्रेसचे क्लच बदलण्यात दोन-अडीच वर्षं गेली. एक अजून तशीच आहे. तिच्यावर आता फक्त पूर्ण बंदिस्त डाय चालवतो.

अहवालाऐवजी आम्ही एक साधी वही घातली आहे. हात थोडक्यात वाचला, काही पडलं, कुणी घसरलं, तरी त्यात लिहायचं. त्यात कारणाचा रकाना नाही. तीन प्रश्न आहेत : काय बिघडलेलं होतं, कधीपासून, आणि ते तसंच का चालू ठेवलं. गेल्या महिन्यात नव्या सुपरवायझरनं ग्राइंडरच्या फुटलेल्या व्हीलबद्दल वहीत लिहिलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. मी वही परत पाठवली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर आली, तीन ओळी भरलेल्या. कव्हर वाकडं होतं. दिवाळीच्या आधीपासून. आणि तिसऱ्या ओळीत, जरा बारीक अक्षरात : शेठ बोलले की हा लॉट जाऊ द्या, मग बघू.